किती बोटं

दिसतो ना, डॉक्टर, तक्ता दिसतो. वरचं एकच अक्षर.
खालच्या ओळी धुक्यात आहेत,
एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमचा चौक असतो तशा.

तुम्ही आला नसाल कधी सभेला.
अकरा वर्षं या खोऱ्याचे डोळे तपासता,
पण रिंगण नागरिकांचं; तुम्ही दोरापलीकडे.
तर सांगतो. लाकडी फळ्यांचं मोठं कडं,
त्यात झाडून सारी माणसं, उभी,
खिशात सॉसेज, पायाशी कुत्री,
आणि मधोमध पेटीवर मी, तलवारीवर हात टेकून.
कर किती, रस्ता कुठून, शिकारीचे दिवस किती,
सगळं तिथंच, तोंडावर.
बोलायचं त्यानं बोलावं. गवळी श्पेल्टी दरवर्षी बोलायचा,
विषय कुठलाही असो, शेवट दुधाच्या भावावर.

मग हात.
हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं,
असं म्हणतही असतील कुठे. आमच्याकडे उलटं.
वर गेलेला हात वर्षभर लक्षात राहतो,
बेकरीत, चर्चमध्ये, कुंपणाशी.

आणि हे हात मोजत नाहीत.
हसू नका. चार हजार हात पावसात मोजणार कोण?
अध्यक्ष बघतो. एक नजर ‘हो’वर, एक ‘नाही’वर,
आणि सांगतो कुठलं रान दाट.
त्यावर अपील नाही.
लोकांचं राज्य म्हणून फोटो काढून नेतात प्रवासी.
असतं ते एका माणसाच्या बुबुळांचं.

त्या वर्षी प्रश्न होता बाळंतिणींच्या वॉर्डाचा.
तीन खाटा, दोन सुइणी, खर्च भलताच.
बंद करावा का?
गारा पडत होत्या. माझ्या डाव्या डोळ्यात
हा तुमचा मोतीबिंदू नुकताच धरत होता
(मोती! कुणी ठेवलं असेल हे नाव).
‘हो’ म्हणणारे हात वर गेले, हातमोज्यांतले.
‘नाही’चे गेले.
दोन्ही वेळा मला एकच दिसलं:
करडं गवत, वाऱ्यात.

शंका आली तर चौघांना पेटीवर बोलवायचा नियम आहे.
बोलावलं असतं तर त्यांनी विचारलं असतं,
बाल्झ, तुला दिसत नाही का रे?
मी म्हणालो, बंद.
आवाज फार स्वच्छ लागला होता.

कुणी हूं की चूं केलं नाही.
‘नाही’वाल्यांना वाटलं, आपण हरलो.
हरणं मान्य करायची सवय आहे आम्हाला,
चांगली सवय, शाळेत शिकवतात.

जानेवारीत रेगुला त्स्वाइफेल बोगद्यात बाळंत झाली,
दिराच्या दुधाच्या गाडीत, कॅनच्या मध्ये.
दोघी जगल्या.
मुलीचं नाव लाडिना.

सतरा वर्षं झाली त्या सभेला.
मी बरोबर असेनही, डॉक्टर. हेच तर.
बरोबर असेन आणि मला कधीच कळणार नाही.

तरुण म्हणतात आता यंत्र आणा, बटणं आणा.
आणा. यंत्र चुकणार नाही बहुधा,
पण चुकलं तर रात्री तीनला उठून
स्वयंपाकघरात बसणारही नाही.

यंदा लाडिना पहिल्यांदा रिंगणात होती. सोळाची झाली.
प्रश्न कुत्र्यांवरच्या कराचा होता.
मी मागे, म्हाताऱ्यांच्या बाकावर.
तिनं हात केला. कुठल्या बाजूनं ते समजलं नाही,
शेजारच्याला विचारायची लाज वाटली.
पण केवढा उंच केला होता,
वर्गात एकटीलाच उत्तर येत असल्यासारखा.

चालतं का म्हणता हे असं?
बर्फावर माणूस चालतो तसं. पडत, धरत.
शेजारी हवा मात्र कुणीतरी,
ज्याला म्हणता येईल, मला दिसत नाहीये.

काय? किती बोटं?
थांबा.
या वेळी मोजून सांगतो.